बिलाची वल्दियत : हिशेब कॉम्प्युटरमध्ये नेण्यापूर्वी

आमच्या उर्दू शाळेच्या हजेरी रजिस्टरात मुलाच्या नावापुढे एक रकाना असे, वल्दियतचा, म्हणजे वडिलांच्या नावाचा. वर्गात सलीम नावाची तीन मुले असली तरी मास्तरसाहेबांची गफलत होत नसे, कारण त्यांची नजर वल्दियतवर असे. आज दुकानोदुकानी कॉम्प्युटर आला, हिशेब एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्याची वेळ वारंवार येते, आणि नेमका हाच रकाना आपण भरायला विसरतो. त्याची किंमत आम्ही मोजली आहे, म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांसाठी हे चार शब्द.

इगतपुरी हे मुंबई-आग्रा रोडवरचे गाव. एका बाजूला भिवंडी, दुसऱ्या बाजूला मालेगाव. दोन्हीकडच्या यंत्रमागांचा माल आमच्या दुकानात उतरतो. १ जुलै २०१७ रोजी जी.एस.टी. लागू झाला. पुढे २०१९ मध्ये आम्ही जुना प्रोग्राम सोडून नवा घेतला आणि दोन वर्षांची खरेदी बिले त्यात चढवली. काम एका रात्रीत झाले, आम्ही खूश होतो.

महिन्याभराने मालेगावचे एक मागवाले चाचा बाकी मागण्यास आले. आम्ही पडद्यावर पाहिले आणि सांगितले, “चाचा, तुमचे आमच्याकडे काही निघत नाही.” ते एवढेच म्हणाले, “सेठ, माल तर तुम्ही स्वतः उतरवून घेतला होता.” आणि उठून गेले.

चार दिवस मनाला चैन पडेना. शेवटी जुनी वही काढली. चाचांची नोंद तेथे होती : ११२ नंबर, साड्यांचे तीन प्रकार, शंभर नग १६० रुपयांनी, ऐंशी नग १७० रुपयांनी, साठ नग २०० रुपयांनी, एकूण ४१,६०० रुपये. मग कॉम्प्युटरमध्ये हे पैसे गेले कोठे?

चूक आमचीच होती. आमचे खरेदी नंबर दर एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यामुळे ११२ नंबर दोन होते, एक २०१७-१८ चा आणि एक २०१८-१९ चा. आम्ही बिले एका फाइलमध्ये व मालाच्या ओळी दुसऱ्या फाइलमध्ये काढल्या आणि दोघांना जोडणारा दुवा म्हणून फक्त बिल नंबर दिला. चाचांच्या तिन्ही ओळी आदल्या वर्षीच्या ११२ खाली, दुसऱ्याच मागवाल्याच्या नावावर जाऊन बसल्या. चाचांचे बिल राहिले, पण रिकामे, शून्य रुपयांचे. आम्ही स्वतः मालेगावला जाऊन पैसे दिले आणि माफी मागितली. त्यांनी माफ केले. परंतु चार दिवस एक कष्टकरी माणूस आमच्या शब्दाने खोटा ठरला होता, त्याचा हिशेब कोणत्या खात्यात मांडायचा?

कॉम्प्युटरवाले याला पॅरेंट-चाइल्ड संबंध म्हणतात. बिल हे वडील, त्यातली प्रत्येक ओळ हे मूल. एका वडिलांची मुले अनेक, पण प्रत्येक मुलाचे वडील एकच. बिल्टी आणि तिच्यावरच्या गाठी, गाठ आणि तिच्यातले ताके, यांचे नातेही असेच. यात नवे काही नाही. आपल्या कीर्दीत प्रत्येक रकमेपुढे खतावणीचे पान लिहीत, तोच हा दुवा. अपोलो मोहिमेच्या रॉकेटमधील सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी आय.बी.एम.ने १९६० च्या दशकात जी पद्धत उभारली तिचाही पाया हाच होता.

आता कामाच्या गोष्टी.

पहिली, वडिलांची ओळख पक्की करा. जी.एस.टी.च्या नियम ४६ प्रमाणे विक्री बिलाचा नंबर १६ अक्षरांपर्यंतचा असतो आणि तो त्या आर्थिक वर्षापुरताच एकमेव असावा लागतो. म्हणून दुवा देताना वर्ष आणि नंबर दोन्ही द्या. खरेदीत पुरवठादाराचे खातेही जोडा, कारण प्रत्येकाचे ११२ नंबरचे बिल असू शकते. पाच कोटींवरील उलाढालीला १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस लागू झाले. त्याचा ६४ अक्षरांचा नंबर विक्रेत्याचा जी.एस.टी. नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार व बिल नंबर यांपासून बनतो. नुसत्या बिल नंबरवर सरकारही विसंबत नाही!

दुसरी, नावावर जोडणी करू नका. एकाच नावाचे दोन अन्सारी आपल्या खात्यात सहज निघतात. प्रत्येक खात्याला स्वतःचा नंबर द्या.

तिसरी, आधी वडील, मग मुले. टॅलीमध्ये प्रथम खाती व मालाची नावे चढवावीत, त्यानंतर व्हाउचर. मोठ्या कंपन्यांसाठीच्या इन्फॉर्मॅटिका पॉवरसेंटरमध्ये हा क्रम संबंध पाहून आपोआप लावण्याची सोय दिलेली आहे. आपल्याकडे तो क्रम आपणच पाळायचा.

चौथी, दोन्ही फाइली एकत्र करून बेरीज मारू नका. चाचांचेच बिल घ्या. तीन ओळींपुढे बिलाची रक्कम तीनदा छापली जाईल आणि बेरीज ४१,६०० ऐवजी १,२४,८०० दिसेल. बिलाची रक्कम बिलांच्या फाइलमधून मोजा, नगांची संख्या ओळींच्या फाइलमधून.

पाचवी, पोरकी मुले शोधा. ज्या ओळीला बिल सापडत नाही ती टाकून देऊ नका, वेगळी काढून ठेवा व कागदाशी ताडा. ज्या बिलाला एकही ओळ नाही तेही तपासा. आमचा दोष तेथेच पकडला गेला असता.

सहावी, मोजदाद. निघताना किती बिले, किती ओळी, किती रुपये, आणि पोहोचल्यावर किती, हे कागदावर लिहा. एकूण रक्कम जुळली म्हणून निश्चिंत राहू नका. आमची एकूण रक्कम पैशापर्यंत जुळली होती, फक्त माणूस बदलला होता. म्हणून प्रत्येक खात्याची बाकी जुन्या वहीशी लावून पाहा.

आणि जुनी वही किमान काही वर्षे जपून ठेवा. पडद्यावर शून्य दिसले तरी समोर उभ्या माणसाला “काही निघत नाही” म्हणण्यापूर्वी ती एकदा उघडा.