फाल्गुनरावांना जालन्याला आणा

रंगभूमी दिन आला की ‘संगीत नाटकाला पुन्हा बरे दिवस’ असे मथळे ठरल्याप्रमाणे छापून येतात. बरे दिवस येतात खरे, पण पुण्या-मुंबईत. मराठवाड्याच्या वाट्याला येतात त्या मोबाइलवरच्या क्लिपा.

जुनं संगीत नाटक पुन्हा उभं करायचं म्हटलं की पहिला वाद पदांचा. किती ठेवायची, किती कापायची? ‘सौभद्र’मध्ये शंभरावर पदं, आणि तिथे कथाच गाण्यातून सरकते. फार छाटलं की नाटक लंगडतं. ‘संशयकल्लोळ’चं तसं नाही. नाटककार देवलांनी हे कथानक इंग्रजीतून उचललं. आर्थर मर्फी यांचं १७६१ सालचं ‘ऑल इन द राँग’, आणि त्याच्याही मागे मोलिएर. १८९३मध्ये देवलांनी आधी लिहिलं ते ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक. पदं पुढे आली. १९१६मध्ये गंधर्व नाटक मंडळीने संगीत अवतार रंगमंचावर आणला, तेव्हा देवल हयात नव्हते. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव यांच्या आख्यायिका झाल्या.

नाटकातली गंमत एका तसबिरीत आहे. घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतात आणि नेमकं ते त्यांची बायको कृत्तिका बघते. मग रेवतीच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, आणि ती निरखताना तिला बघतात फाल्गुनराव! झालं, पुढचे अंक आपोआप पळतात. या यंत्राला गाण्याचं तेल लागतच नाही. म्हणूनच प्रशांत दामले (फाल्गुनराव) आणि राहुल देशपांडे (अश्विनशेट) यांना घेऊन निपुण धर्माधिकारींनी ते नव्याने बसवलं, तेव्हा आजच्या वेळेत आणताना त्याचा जीव गेला नाही.

पदं कमी केली की आत्मा गेला, असा गळा काढणाऱ्यांनी जालन्याच्या नाट्यगृहावरची पाटी वाचावी. तिथे नाव आहे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचं. भास्करबुवा बखल्यांचा हा शिष्य गंधर्व मंडळीत मुरलेला. त्याच कृष्णरावांनी १९४२मध्ये रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ नाटकाला चाली दिल्या. मोजकी पदं, आटोपशीर प्रयोग, रंगमंचावर गायला ज्योत्स्ना भोळे. काटछाट आजच्या निर्मात्यांनी शोधलेली नाही, ती तेव्हाच झाली होती.

मोठ्या कंपनीचा दौरा इकडे वळेल तेव्हा वळेल. वादकांसकट एवढा ताफा आणायचा तर तिकिटांचं गणित जमायला हवं, हे मान्य. पण शासनाची संगीत नाट्य स्पर्धा हौशी संघांसाठीच असते. जालन्यातल्या हौशी मंडळींनी ‘संशयकल्लोळ’ हाती घ्यावं. पदं आठच ठेवा, हरकत नाही. ऑर्गन आणि तबला मात्र समोर बसलेला हवा. रेकॉर्ड केलेला ट्रॅकच लावणार असाल, तर सरळ गद्य ‘फाल्गुनराव’ करा.