विश्लेषण : पाचोऱ्याच्या गावांत जुनी घरे भिंतीला भिंत लावून का?

झड लागली की पाचोरा तालुक्यात धाब्याच्या घरांची चिंता सुरू होते. एक घर खचले तरी धोका शेजारच्या दोघांना, कारण भिंत सामाईक असते.

गावे इतकी दाट का?

शेती ‘काळी’त आणि वस्ती ‘पांढरी’त, ही जुनी रीत. अमेरिकेत 1862 च्या कायद्याने 160 एकर जमीन मिळालेला शेतकरी त्याच जमिनीवर एकटा घर बांधून राहिला. खानदेशात शेतकरी सकाळी शेतात जाऊन संध्याकाळी गावात परतत राहिला. होळकरांच्या फौजांची 1802 मधील लूट, 1803-04 चा दुष्काळ आणि पेंढारी यांनी मोकळ्यावर राहणे धोक्याचे केले. मग गढी, दरवाजा आणि आत खेटून घरे.

धाबे टिकते कसे?

सागाचे खांब, त्यावर तुळया, वर किलचन, पाला आणि जाड थर खाऱ्या पांढऱ्या मातीचा. ही माती भिजली की चिकट होऊन पाणी अडवते. मात्र दर उन्हाळ्यात नवा थर द्यावा लागतो. वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात हे छप्पर चालते. उन्हाळ्यात आत गारवा, रात्री वर झोपायला जागा. सलग झड मात्र त्याला सोसत नाही.

रेल्वेने काय बदलले?

1860 च्या दशकात मुंबई-भुसावळ लोहमार्ग आला आणि कापूस स्थानकाकडे वळला. पुढे 1918-19 च्या सुमारास 56 किलोमीटरची पाचोरा-जामनेर छोटी गाडी सुरू झाली. बाजाराच्या गावांत दुकानासह रस्त्याकडे तोंड करून घरे उठली. आतली खेडी पांढरीतच राहिली.

आता अडचण कुठे?

माती टाकायला माणूस मिळत नाही, जुन्या सागाला मात्र गिऱ्हाईक मिळते. एका भावाला घरकुल मंजूर होते, किमान 25 चौरस मीटरचे. तो आपला खण पाडतो आणि शेजाऱ्याची तुळई उघडी पडते. स्वामित्व योजनेत 2020 पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. मालकीसाठी ते मोलाचे आहे. पण ड्रोनला वरून धाबे दिसते. कोणाची तुळई कोणाच्या भिंतीत शिरली आहे, ते दिसत नाही. ते पाडण्याआधी दोन्ही घरांनी मिळून पाहावे लागते, टेकू लावावे लागतात, आणि शक्यतो पावसाळ्यापूर्वी.