जुन्या क्लॅरिनेटचे बूच घरीच बदला

लग्नसराई तोंडावर आली की गावोगावचे बँडवाले आपापली वाद्ये पेटीबाहेर काढतात. वडिलांच्या वेळची क्लॅरिनेट अशा वेळी खटखट करू लागली, एखादा सूर फसू लागला, तर ‘गेली कामातून’ म्हणून तिला माळ्यावर टाकू नका. पुष्कळदा दोष असतो तो चावीखालच्या नखाएवढ्या बुचाचा.

चावी लाकडावर आपटू नये म्हणून तिच्याखाली बूच चिकटवलेले असते. गादी, म्हणजे पॅड, भोकावरून किती उचलायची हेही तेच ठरवते. बूच झिजले की गादी जास्त उचलते. ते जाड बसले की कमी उचलते आणि सूर कोंडतो. दोन चाव्या जोडीने चालतात तिथे बुचाची जाडी चुकली, तर एक गादी टेकतच नाही. मग हवा गळते आणि वाद्य किंचाळते.

हे बूच म्हणजे ओक जातीच्या एका झाडाची साल. पोर्तुगाल-स्पेनमधले शेतकरी झाड न तोडता साधारण ९ वर्षांनी एकदा ती सोलतात. आपल्याकडचे पांढऱ्या फुलांचे बुचाचे झाड वेगळे. सायकलच्या ट्यूबचा तुकडा मात्र लावू नका, उन्हात रबर चिकट होते.

वाद्यांच्या दुकानातून सुमारे दीड मिलिमीटर जाडीचे बूच आणा. घरातली क्रोशाची सुई घेऊन सुईसारखी स्प्रिंग आधी खाचेतून सोडवा, मगच स्क्रू काढा. निघालेले स्क्रू कागदावर ओळीने मांडा आणि प्रत्येकाची जागा लिहा. जुने बूच व डिंक खरवडून धातू कोरडा पुसा. चपलेला लावतात तो रबरी डिंक चावीला आणि बुचाला, दोन्हीकडे पातळ लावा. ओलसरपणा गेला की दाबून बसवा. कडेचे जास्तीचे बूच नव्या ब्लेडने कापा.

आता घाई नको. चावी जागेवर बसवा. बूच जाड वाटले, तर काचकागदाची पट्टी खरखरीत बाजू बुचाकडे करून मध्ये सरकवा आणि हलक्या हाताने ओढा. घासलेले बूच परत येत नाही, म्हणून दर दोन ओढींनी थांबून पाहा.

परीक्षा सोपी आहे. पतंगाच्या कागदाची चिंचोळी पट्टी गादीखाली धरा, गादी हलकेच मिटवा आणि पट्टी ओढा. गादीच्या चारी बाजूंनी सारखीच अडली पाहिजे. जोडीच्या चाव्यांना दोन पट्ट्या एकदम लावा. एक सुटली आणि एक अडली, तर जोडावरचे बूच अजून बरोबर नाही.

स्प्रिंग तुटली असेल किंवा लाकूड तडकले असेल, तर मात्र जाणत्या कारागिराकडेच जा. चांगल्या क्लॅरिनेटचे लाकूड बहुधा शिसवीच्या कुळातले, आफ्रिकेतले असते. ते उन्हात ठेवू नका. हंगामातली पहिली सुपारी घेण्याआधी सगळ्या चाव्या अशा तपासा, म्हणजे ऐन वरातीत वाद्य दगा देणार नाही.