कॅथलिक-प्रॉटेस्टंट मतभेद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पश्चिम युरोपातील ख्रिस्ती समाज १६व्या शतकात दुभंगला आणि कॅथलिक व प्रॉटेस्टंट असे पंथ वेगळे झाले. त्यांच्यातील काही वाद पुढे निवळले, काही आजही कायम आहेत. मात्र खरा मतभेद नेमका कुठे आहे, याविषयी अनेक चुकीच्या समजुती आढळतात.

गैरसमज : हे दोन वेगळे धर्म आहेत.
वस्तुस्थिती : त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व आणि पुनरुत्थान हे दोघांच्याही श्रद्धेचे मूळ आहे. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने दिलेला प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरते. अशी व्यक्ती पुढे कॅथलिक झाली, तर तिला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत.

गैरसमज : कॅथलिकांच्या मते तारण सत्कर्मांनी कमावता येते, तर प्रॉटेस्टंटांना सत्कर्मांची गरजच वाटत नाही.
वस्तुस्थिती : तारणाची सुरुवात देवाच्या कृपेने होते, माणसाच्या कर्मांनी नव्हे, असे ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५४७ मध्येच सांगितले. खरा विश्वास सत्कर्मांवाचून राहत नाही, ही प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक मार्टिन लूथर याचीही शिकवण होती. देव पाप्याला नीतिमान 'ठरवतो' की आतून नीतिमान 'करतो', आणि त्यात माणसाचा सहभाग किती, हा वाद होता. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च व लूथरन जागतिक महासंघाने या प्रश्नावर संयुक्त जाहीरनामा केला. त्यात मांडलेल्या शिकवणीला १६व्या शतकातील परस्परनिषेध लागू होत नाहीत, असे दोघांनी मान्य केले. काही मतभेद उरले, पण ते फुटीचे कारण मानले गेले नाहीत.

गैरसमज : कॅथलिक येशूची आई मरिया हिला देव मानतात.
वस्तुस्थिती : आराधना केवळ देवाची, संतांना फक्त मान, हा भेद ७८७ च्या निकिया परिषदेतही स्पष्ट आहे. मरियेला व संतांना मध्यस्थीची विनंती करणे मात्र प्रॉटेस्टंटांना मान्य नाही.

गैरसमज : प्रॉटेस्टंटांच्या लेखी प्रभुभोजन हे निव्वळ प्रतीक आहे.
वस्तुस्थिती : याबाबत प्रॉटेस्टंटांमध्येच एकमत नाही. १५२९ मध्ये मारबुर्गच्या चर्चेत 'हे माझे शरीर आहे' हे ख्रिस्ताचे भाकरीविषयीचे शब्द लूथरने खडूने टेबलावर लिहून ठेवले आणि भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरोखर असते, यावर तो अडून राहिला. स्विस धर्मसुधारक त्स्विंग्लीने ते शब्द लाक्षणिक मानले. १५ पैकी १४ मुद्दे जुळले, हाच एक पूर्णपणे जुळला नाही.

गैरसमज : ऐक्याची भाषा नुसती कागदावर आहे.
वस्तुस्थिती : २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रॉटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. बिशप असलेले अँग्लिकन आणि बिशप नसलेले बॅप्टिस्ट त्यात एका व्यवस्थेखाली आले. कॅथलिकांशी असे विलीनीकरण झालेले नाही. पोपचा अधिकार आणि धर्मगुरूंच्या दीक्षेची वैधता हे त्यातले मोठे अडथळे आहेत. त्यामुळेच अपवाद वगळता कॅथलिक मिस्सामध्ये प्रॉटेस्टंटांना ख्रिस्तप्रसाद (प्रभुभोजनाची भाकर) दिला जात नाही.