उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीस देखभाल चार्जर जोडताना

हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर अनेक आठवडे उभा राहतो आणि बॅटरी आपोआप उतरते. 12 व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी दीर्घकाळ 12.4 व्होल्टखाली राहिल्यास प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर जमतो. देखभाल चार्जर सुमारे 13.5 व्होल्ट दाब राखून हे टाळतो.

जोडणी हवेशीर जागी, वीजपुरवठा बंद ठेवून करावी. ऋण टोक चासीस जोडलेले असल्यास प्रथम लाल चिमटा धन टोकास व नंतर काळा चिमटा बॅटरी आणि इंधननळीपासून दूर, चासीच्या रंगविरहित धातूस लावावा. मगच वीज सुरू करावी. चार्जिंगवेळी हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण 4 टक्के झाले तरी तो ठिणगीने पेटू शकतो. म्हणूनच शेवटची जोडणी दूर करावयाची. काढताना क्रम उलटा: आधी वीज, मग काळा, शेवटी लाल.