स्वयंचलित अवतरण यंत्रणेतील बिघाड व वैमानिकाचा प्रतिसाद

स्वयंचलित अवतरणात विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या रेडिओ उंचीमापकाला विशेष महत्त्व आहे. या उपकरणाची एक चुकीची नोंद किती घातक ठरू शकते, हे २५ फेब्रुवारी २००९ रोजी ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाजवळ झालेल्या अपघातावरून स्पष्ट होते.

इस्तंबूलहून आलेले तुर्की एअरलाइन्सचे बोइंग ७३७-८०० विमान सुमारे दोन हजार फुटांवर असताना डाव्या उंचीमापकाने उणे ८ फूट अशी नोंद दिली. त्यामुळे विमान जमिनीला टेकत असल्याचे गृहीत धरून ऑटोथ्रॉटलने इंजिनांची शक्ती किमान पातळीवर आणली. उजव्या उंचीमापकाची अचूक माहिती घेणारा ऑटोपायलट मात्र उतरण्याचा मार्ग राखण्यासाठी विमानाचे नाक उचलत राहिला. परिणामी वेग घटत गेला. विमान आधी नियोजित मार्गाच्या वर असल्याने कमी झालेली शक्ती वैमानिकांना स्वाभाविक वाटली व बिघाड झाकला गेला.

सुमारे ४६० फुटांवर धोक्याचा इशारा मिळाला. सहवैमानिकाने शक्ती वाढवण्यास सुरुवात केली. परंतु ऑटोथ्रॉटल चालूच असल्याने ती पुन्हा घटली. पूर्ण शक्ती मिळेपर्यंत उशीर झाला होता. विमानातील १३५ जणांपैकी ९ जण मृत्युमुखी पडले. त्यांत तिन्ही वैमानिक होते.

डच सुरक्षा मंडळाच्या मते हजार फुटांवर विमान स्थिरावले नसल्याने अवतरण सोडून देणे आवश्यक होते. तात्पर्य, बंद पडलेल्या यंत्रापेक्षा चुकीच्या माहितीवर सुरळीत चालणारे यंत्र अधिक धोकादायक असते. म्हणून वेग व शक्ती यांवरील वैमानिकाची नजर क्षणभरही ढळता कामा नये.