विश्लेषण : रिस्टोअर केलेली ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेताना चकाकीपेक्षा क्रमांक का तपासावेत?

‘संपूर्ण रिस्टोअर केलेली, कागदपत्रे क्लिअर’ अशा वर्णनासह एखादी जुनी एमजी, ट्रायम्फ किंवा जॅग्वार पुण्यात विक्रीला आली, की तिचा फोटो हौशी मंडळींच्या मोबाइलवर फिरू लागतो. ताजा रंग, तारांची चाके, चामडी आसने पाहून मोह होतोच. पण अशा गाडीची खरी किंमत चेसिस आणि इंजिनावरच्या क्रमांकांत असते. ते आरसी बुकाशी जुळले नाहीत, तर मोठी रक्कम मोजून घेतलेली गाडी नावावर करणेही अवघड होते.

या गाड्या कोणत्या?

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने दोन आसनी, उघड्या टपाच्या गाड्या जगभर विकल्या. १९४५ ते १९४९ या काळात एमजी टीसीच्या सुमारे १० हजार गाड्या तयार झाल्या. जॅग्वार ई-टाइप १९६१ मध्ये जिनिव्हात जगासमोर आली. १९६२ ते १९८० दरम्यान बनलेल्या एमजीबीची संख्या तर पाच लाखांवर गेली. जॅग्वार हे नाव २००८ पासून टाटा मोटर्सकडे असल्याने पुणेकरांना ते अधिक जवळचे.

कायद्याने ‘विंटेज’ कोणती?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन विंटेज ठरू शकते. म्हणजे एमजीबीच्या सुरुवातीच्या गाड्या यात बसतात, १९८०ची अद्याप नाही. दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे. वाहन मूळ स्वरूपात हवे. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा.

मेख नेमकी इथेच आहे. रंग, आसने, वायरिंग नव्याने करणे वेगळे आणि गाडीचा गाभाच बदलणे वेगळे. जाहिरातीतला ‘रिस्टोअर’ हा शब्द दोन्हींसाठी वापरला जातो.

इंजिन बदलले जाण्याची शक्यता किती?

भारतात ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. १९५५ मध्ये आलेल्या एमजीएचे १४८९ सीसी इंजिन आणि आपल्या ॲम्बेसेडरचे त्याच क्षमतेचे पेट्रोल इंजिन एकाच ‘बी सीरिज’ घराण्यातले. ट्रायम्फ स्पिटफायरचा सांगाडाही हेराल्डवर बेतलेला. ती हेराल्ड मद्रासला ‘स्टँडर्ड’ नावाने बनत असे. त्यामुळे काही सुटे भाग इथेच मिळत गेले आणि गाड्या टिकल्या. मात्र मूळ इंजिनाच्या जागी भारतीय भावंड बसवलेले असू शकते. अशी गाडी चालते छान, पण मूळ इंजिनाच्या गाडीइतका भाव तिला मिळत नाही आणि विंटेज नोंदणीतही अडचण येते.

नोंदणीचा खर्च आणि बंधने काय?

विंटेज नोंदणीसाठी फॉर्म २० सोबत विमा, जुने आरसी बुक आणि गाडी आयात केलेली असल्यास बिल ऑफ एंट्री जोडावे लागते. शुल्क २० हजार रुपये असून नोंदणी १० वर्षे टिकते. नूतनीकरणाला पाच हजार रुपये लागतात. नव्या क्रमांकात राज्याच्या कोडनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो.

मात्र विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच मुभा आहे. दर रविवारी लोणावळ्याची चक्कर मारण्याचा बेत असेल, तर गाडी कोणत्या नोंदणीवर आहे हे आधी विचारावे. साधी नोंदणी असल्यास १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते. ते शेवटचे कधी झाले, हे आरसीवर दिसते.

विंटेज गाडी विकता येते. मात्र विकणारा आणि घेणारा या दोघांनीही व्यवहारानंतर ९० दिवसांत आपापल्या परिवहन प्राधिकरणाला कळवणे बंधनकारक आहे.

पैसे देण्यापूर्वी काय तपासावे?

• चेसिस आणि इंजिन क्रमांक स्वतः पाहून आरसीशी ताडावेत. घासलेला किंवा नव्याने ठोकलेला क्रमांक दिसला, तर व्यवहार थांबवावा.

• गाडी परराज्यातली असल्यास एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आधी मागावा.

• ब्रिटनमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली अशा गाड्यांसाठी कारखान्याच्या नोंदींवरून हेरिटेज प्रमाणपत्र देते. मूळ इंजिन क्रमांक आणि रंग त्यातून कळू शकतो.

• एमजीबीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याची बॉडीच सारा भार पेलते. दाराखालचा पट्टा गंजलेला असेल, तर वरची चकाकी निरुपयोगी. तिथे लोहचुंबक चिकटला नाही, तर आत पुट्टी भरल्याचा संशय घ्यावा.

• रिस्टोरेशनच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि बिले मागावीत. प्रामाणिक काम करणाऱ्याकडे ती सहसा असतात.

• पाच वर्षांहून जुन्या वाहनाचे विमामूल्य मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते. ते आधीच लेखी ठरवून घ्यावे.

रंग पुन्हा देता येतो, आसने पुन्हा शिवता येतात. हरवलेला मूळ क्रमांक मात्र कोणत्याही गॅरेजमध्ये परत मिळत नाही.